सोडावी लागेल, की सोडली तरी चालेल?

कोरियन भाषेच्या वर्गाला मी गेले ती थंड हवेसाठी. २००७चा उन्हाळा होता. आमच्या कंपनीला एक कोरियन ग्राहक मिळणार, मिळणार, अशी आवई उठली होती आणि वरच्या साहेबांनी ठरवलं की काही मुलामुलींनी ती भाषा शिकून ठेवावी. वर्ग संध्याकाळी ट्रेनिंग रूममध्ये भरायचा. तिथला एसी आमच्या मजल्यावरच्या एसीपेक्षा चांगला चालायचा आणि चहाबरोबर क्रीमची बिस्किटं मिळायची. आमची कंपनी हिंजवडीत आणि मी शेजारच्या माण गावात भाड्याच्या खोलीत राहायचे. खोलीला पत्रा होता आणि तो दिवेलागणीनंतरही तापलेलाच असायचा. मग कोरियनच काय, त्यांनी स्वाहिली शिकवली असती तरी मी गेले असते.

शिकवायला एक कोरियन बाई यायच्या. नवऱ्याच्या बदलीमुळे पुण्यात आलेल्या, चाळिशीच्या, बारीक चणीच्या आणि भारी खोडकर. त्यांना नावानं हाक मारायची नाही, ‘सॉनसेंगनिम’ म्हणायचं, म्हणजे आपल्याकडचं ‘गुरुजी’. आम्ही पाठीमागे नुसतं ‘बाई’ म्हणायचो. बाई कोरियन शिकवायच्या इंग्रजीतून. त्यांचं इंग्रजी जेमतेम, आमचं त्याहून थोडं बरं. तरीही गाडं चाललं होतं. ‘केलं पाहिजे’चा धडा आला आणि ते रुतलं.

पुस्तकात सगळं इंग्रजीतून समजावलं होतं. हे करायलाच हवं, हे करायची गरज नाही, हे करायचं नाही. वाचताना सोपं वाटायचं, पण तोंड उघडलं की उलटंच बाहेर पडायचं. आमच्यातल्या एकाला बाईंना सांगायचं होतं, ‘उद्या सुट्टी आहे, तुम्ही आला नाहीत तरी चालेल.’ तो अगदी नम्रपणे वाकून म्हणाला, ‘उद्या तुम्ही आलात तर चालणार नाही.’ बाईंनी चेहरा पाडला, पर्स उचलली आणि तडक दाराबाहेर गेल्या. आम्ही सगळे घाबरून उभे. तो बिचारा तर रडायच्या बेतात. मग दार किलकिलं झालं, बाईंनी नुसतं डोकं आत घातलं आणि विचारलं, ‘आज बसले तर चालेल?’

त्या रात्री बसस्टॉपवर उभी असताना माझ्या लक्षात आलं की आपण उगाच इंग्रजीतून वळसा घालतोय. त्या वाक्यांच्या शेवटी येणारं ‘द्वेयो’ म्हणजे सरळ सरळ आपलं ‘चालतं’. ‘गादो द्वेयो’, गेलं तरी चालतं. ‘आन गादो द्वेयो’, नाही गेलं तरी चालतं. ‘गाम्यॉन आन द्वेयो’, गेलं तर चालत नाही. आणि ‘गाया द्वेयो’ म्हणजे गेलं तरच चालतं, अर्थात गेलंच पाहिजे. शेवटच्याला द्वेयोच्या जागी ‘हेयो’ही म्हणतात, अर्थ तोच. एकाला एक जोडून, चापूनचोपून बसत होतं. जे इंग्रजीला तीन पानांत समजावता येत नव्हतं ते आमच्या लातूरकडच्या कुठल्याही आत्याबाईच्या बोलण्यात रोज असतं.

पुढच्या वर्गात मी हे फळ्यावर लिहिलं. बाई माझ्या मराठी वाक्यांखाली बोट फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या की ही भाषा त्यांना ऐकायची आहे. पुण्यात येऊन एवढे दिवस झाले, पण त्यांच्याशी मराठी कुणी बोलतच नव्हतं. सोसायटीतला वॉचमन सलाम करायचा, ड्रायव्हर हिंदी बोलायचा, शेजारणी इंग्रजी. मी म्हटलं, ‘मग माझ्याकडे या. आमच्या काकी दुसरं काही बोलतच नाहीत.’

काकी म्हणजे माझ्या घरमालकीण. जमीन आयटी पार्कच्या एका टप्प्यात, ‘फेज’मध्ये, गेल्यावर त्यांनी राहतं घर पाडून दोन मजली बंगला बांधला होता आणि मागच्या अंगाला भाड्याच्या खोल्या काढल्या होत्या. सगळे भाडेकरू त्यांना काकी म्हणायचे आणि सगळ्यांना त्यांचा धाक होता. कुणाकडे पाहुणा आला तर त्याची चौकशी आधी काकी करायच्या आणि मग उरलाच तर तो आपल्याला मिळायचा.

बाई आल्या तशा काकींच्या तावडीत सापडल्या. काकींनी पिठलं-भाकरी करून माझ्या खोलीतच आणली होती आणि ताटात लसणाचा लालभडक ठेचा चांगला लिंबाएवढा वाढला होता. तो पाहुणचार नव्हता, परीक्षा होती. मला काकींच्या डोळ्यांतच दिसत होतं. बाईंनी ठेचा चाखला, मान डोलावली, भाकरीला लावून सगळा संपवला आणि ताट पुढे केलं. काकी माझ्याकडे बघतच राहिल्या. ‘आगं, हिच्या घरात रोज असलंच खात्यात का काय?’ मी म्हटलं, ‘हो. ह्यांच्याकडे कोबीसुद्धा तिखटात मुरवून खातात.’ काकींचं मत तिथेच ठरलं. ‘मग ही आपल्यातलीच हाय.’

आपल्यातली ठरल्यावर सुटका कसली! तिसरी भाकरी ताटात पडली तेव्हा बाईंनी मला हळूच विचारलं, ‘आन मॉगॉदो द्वेयो?’ खाल्लं नाही तरी चालेल का? मी तसंच्या तसं काकींना सांगितलं.

‘चालायचं न्हाई,’ काकी म्हणाल्या आणि भाकरीवर तूप सोडलं.

बाईंनी ते तीनदा घोकलं. चालायचं न्हाई, चालायचं न्हाई, चालायचं न्हाई. त्यांच्या आयुष्यातलं पहिलं मराठी वाक्य. नंतर त्यांनी ते ड्रायव्हरला ऐकवलं, भाजीवालीला ऐकवलं आणि आमच्या वर्गात गृहपाठ न करणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं.

निघायची वेळ झाली तशा त्या उठल्या आणि सवयीनं म्हणाल्या, ‘गाया हेयो.’ मला जायला हवं.

काकींनी दाराकडे मान वळवली. ‘गाया हायेत? कुटं?’

मी हसू दाबत म्हटलं, ‘काकी, जायचंय म्हणतायत त्या.’

पण काकी आता गायांवर पोचल्या होत्या. ‘होत्या बाय, हितंच होत्या. तुमी ही जिथं बसलाय ना, तितंच दावण होती. हिची खोली म्हंजे आमचा गोठा.’ इतके महिने मी त्या खोलीत झोपत होते आणि मला ही बातमी तेव्हा कळली. बाईंना सांगितल्यावर त्यांनी भिंतीला हात लावून मोठ्या आदरानं वाकून नमस्कार केला. कुणाला, ते त्यांनाच ठाऊक.

याच सुमारास आईचा लातूरहून फोन आला. मावशीनं एक स्थळ आणलं होतं. मुलगा हिंजवडीतच, शेजारच्या फेजमध्ये नोकरीला. आईवडील नांदेडचे, सध्या मुलाकडे आलेले. रविवारी ते मला बघायला येणार.

‘आई, मी नाही म्हटलं होतं ना?’

‘नुसतं बघायला यायलेत. बघितल्यानं काय लगेच लग्न होत नसतंय.’

‘मग बघितलं नाही तर?’

‘असं कसं? मावशीनं शब्द दिलाय. बघायलाच पाहिजे.’

मी त्या ‘पाहिजे’कडे कोरियन नजरेनं बघत बसले. बघितलं तरच चालतं. कुणाला चालतं? त्याचं उत्तर ना कोरियनमध्ये होतं ना मराठीत. पाहिजे म्हणायचं आणि कुणाला पाहिजे ते सांगायचंच नाही, ही सोय दोन्हीकडे अगदी सारखी.

मी काही मोठा कट रचला नाही. फक्त बाईंना विचारलं, आमच्याकडचा मुलगी बघायचा कार्यक्रम बघायला येता का? त्यांनी वहीची पानं मिटायच्या आत होकार दिला. काकींना म्हटलं, माझ्या खोलीत इतकी माणसं बसायची नाहीत, तुमचा वरचा हॉल मिळेल का? काकी म्हणाल्या, ‘मिळंल. पण मी बसणार.’ आणि आईला मी सांगितलं की आमच्या कंपनीत शिकवणाऱ्या एक परदेशी बाई येणार आहेत, त्यांना नाही म्हणता येत नाही. यातला शब्दन् शब्द खरा होता. फक्त एकाशेजारी एक ठेवल्यावर त्याला वेगळाच रंग चढत होता.

रविवारी आई रात्रीच्या बसनं थकून आली, तशीच पोह्यांना लागली. मावशी चिंचवडहून आली. काकी इरकली लुगडं नेसून, नथ घालून सोफ्याच्या मधोमध बसल्या. सोफ्यावर दुकानातलं प्लॅस्टिक तसंच होतं आणि कुणी हललं की ते करकरायचं. बाई माझ्या शेजारी खुर्चीवर, मांडीवर हात ठेवून, शाळेच्या पहिल्या दिवशी बसतात तशा.

मुलगा दिसायला बरा होता. शर्टाची घडी अजून मोडली नव्हती. त्याच्या एका बाजूला वडील, दुसऱ्या बाजूला आई, आणि ती इतकी जवळ बसलेली की त्याला पोह्यांची बशी डाव्या हातात धरावी लागत होती. आधी गावाकडच्या पावसापाण्याचं झालं, मग नांदेड-लातूर रस्त्याचं. शेवटी मुलाच्या आईनं बशी खाली ठेवली.

‘नोकरीचं म्हणाल तर आमचं काही म्हणणं नाही. पण घरी आम्ही दोघं, येणारंजाणारं, सणवार. नंतर नंतर मुलीला आपलं आपल्यालाच वाटतं.’

‘सोडलीच पाहिजे असं आम्ही म्हणत नाही,’ वडील म्हणाले.

‘पण घर म्हटलं की कुणीतरी लागतंच,’ मुलाची आई म्हणाली.

बाईंनी मला कोपर मारलं. काय म्हणतायत? मी सांगायला तोंड उघडलं आणि अडले. खरंच अडले. ‘सोडली पाहिजे’ म्हणावं तर ते तसं म्हणाले नव्हते. ‘सोडायची गरज नाही’ म्हणावं तर तसंही नव्हतं. मी मोडक्यातोडक्या कोरियनमध्ये म्हटलं की शेवटी काय लावायचं ते मला कळत नाही. बाईंचा चेहरा एकदम गंभीर झाला. व्याकरणाची अडचण म्हटल्यावर त्या मागे हटणाऱ्यातल्या नव्हत्या. मुलाच्या आईकडे वळून, अदबीनं किंचित झुकून त्यांनी एकेक वाक्य सुटं सुटं करत विचारलं. पहिलं, ‘कुमानद्वोया हेयो?’ दुसरं, ‘कुमानद्वोदो द्वेयो?’ तिसरं, ‘आन कुमानद्वोदो द्वेयो?’ आणि माझ्याकडे बघितलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दुभाष्याचं काम इमानेइतबारे करायचं असतं. मी म्हटलं, ‘बाई विचारतायत, नोकरी सोडावी लागेल, की सोडली तरी चालेल, की नाही सोडली तरी चालेल? तिन्हीतलं कुठलं तेवढं सांगा, म्हणजे त्यांना कोरियनमध्ये नीट कळेल.’

काकी सोफ्यावर पुढे सरकल्या आणि प्लॅस्टिक करकरलं.

मावशीनं माझ्याकडे असं बघितलं की दुसऱ्या वेळी मी पळूनच गेले असते. मुलाची आई म्हणाली, ‘अहो, असं एका शब्दात कसं सांगता येईल?’

बाईंना बोलणं कळलं नाही, पण सूर बरोबर कळला. त्यांनी मान हलवली आणि स्वच्छ, खणखणीत मावळी सुरात म्हणाल्या, ‘चालायचं न्हाई.’

काकींनी पदर तोंडात कोंबला. मुलाच्या वडिलांनी, आता आपणच काहीतरी केलं पाहिजे अशा आविर्भावात, मुलाच्या पाठीवर हात ठेवला. ‘तूच सांग रे. शेवटी तुमचं तुम्हाला ठरवायचंय.’

मुलगा घामाघूम. त्यानं बशीतल्या शेंगदाण्याकडे बघत म्हटलं, ‘आईला विचारावं लागेल.’

मग काकींना आवरेना. पदर बाहेर आला आणि आवाजही. ‘आरं मग इचार की! ही काय, मांडीला मांडी लावून बसलीया!’

त्यानंतर कार्यक्रम फार लांबला नाही. चहा आला, पण बशीत ओतायचीही कुणाला सवड नव्हती. बाईंना वाटलं आपल्यामुळे लोक ओशाळलेत, म्हणून त्या शिष्टाचारानं आधी उठल्या आणि म्हणाल्या, ‘गाया हेयो.’

मुलाच्या आईनं दाराशी थबकून विचारलं, ‘काय म्हणाल्या त्या?’

मी बोलायच्या आत काकी म्हणाल्या, ‘गाया हायेत म्हनत्यात. लई गाया हायेत त्यांच्याकडं. पोरीला कोरियाला न्यायचंय, राखाया.’ चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मुलाच्या आईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि ती जिना उतरली.

पाहुणे गेले तशी मावशी पेटली. तिच्या यजमानांचे जुने स्नेही, त्यांच्यासमोर हे धिंडवडे, आता चिंचवडमध्ये तोंड कसं दाखवायचं. मी खाली मान घालून ऐकत होते. आई उरलेल्या पोह्यांची कढई घेऊन जमिनीवर बसली, दोन घास खाल्ले आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. जवळ गेले तर हसत होती, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

‘मांडीला मांडी लावून,’ ती म्हणाली आणि पुन्हा सुरू झाली. ‘मला तर त्याची आई जिना चढतानाच पसंत नव्हती गं. चपला काढायच्या आधी घर मोजायली.’

मावशी कमरेवर हात ठेवून उभी. ‘तुला पसंत नव्हतं? मग रोज फोन करून माझं डोकं कोण खात होतं, पोरीचं बघ, पोरीचं बघ?’

‘तूच म्हणलीस की वय चाललंय पोरीचं. मग मला करावे लागले फोन.’

‘मी म्हटलं ते आमच्या ह्यांनी डोक्यात भरवलं म्हणून. त्यांना त्या स्नेह्यांनी गळ घातली होती. मला काय हौस होती?’

बाई अजून जिन्यातच होत्या; काकींनी त्यांना तीन डब्यांत काय काय भरून द्यायला थांबवलं होतं. त्या परत वर आल्या आणि हे काय चाललंय म्हणून विचारायला लागल्या. मी शक्य तेवढं सांगितलं. मावशीला आणावं लागलं, आईला यावं लागलं, मला बसावं लागलं. बाई बोटांवर मोजत होत्या. मग त्यांनी विचारलं, ‘पण हे व्हावं असं वाटत कुणाला होतं?’

मी ते मराठीत विचारलं. मावशी जमिनीवर बसली, कढई पुढ्यात ओढली आणि म्हणाली, ‘पोह्यांत मीठ कमी आहे.’

मुलाकडून निरोप आला, मुलगी परदेशी जायची आहे म्हणून जमणार नाही. त्यापुढे दोन वर्षं मावशीनं एकही स्थळ आणलं नाही. तो मुलगा मला त्याच पावसाळ्यात वडापावच्या गाडीवर भेटला. दोघंही एकाच ताडपत्रीखाली उभे, त्यामुळे ओळख नाकारायची सोय नव्हती. तोच आधी हसला. म्हणाला, ‘मला तिसरं म्हणायचं होतं. नाही सोडली तरी चालेल.’ मी विचारलं, मग म्हणाला का नाहीस? तो म्हणाला, ‘आधी मला आमच्या टीममधल्या मुलीबद्दल घरी सांगायचं होतं. ते अजून व्हायचंय.’ पुढच्या वर्षी झालं. पत्रिका आली, मी जेवून आले.

आमच्या कंपनीचा कोरियन ग्राहक शेवटपर्यंत आलाच नाही. वर्ग बंद पडला. बाईंच्या नवऱ्याची चेन्नईला बदली झाली आणि जाताना त्या काकींकडून लसणाच्या ठेच्याची बरणी घेऊन गेल्या. पण तोवर मला बरं बोलता यायला लागलं होतं. मुळशीकडच्या भरे गावाजवळ एका कारखान्यात कोरियन साहेब आले होते आणि त्यांना दुभाषी हवी होती. तिथे मी लागले. साहेब आणि कामगार यांच्या मधे बसायचं आणि कोण काय म्हणतंय त्यापेक्षा कोण काय म्हणत नाही ते सांभाळायचं. माझा सराव झालेलाच होता.

माणहून भऱ्याला रोज जाणं जमेना, म्हणून मी तिथून जवळच्या पिरंगुटला खोली घेतली. काकी आधी रागावल्या, आठवडाभर बोलल्या नाहीत. सामान हलवायच्या दिवशी टेम्पो आला तर त्या आधीच ड्रायव्हरशेजारी बसलेल्या. पिरंगुटला उतरल्या, माझ्या नव्या घरमालकिणीला नमस्कारही न करता नळ सोडून बघितला, खिडकीची कडी हलवून बघितली, माळ्यावर कुठं गळतंय का ते विचारलं. ‘ही सकाळी लवकर उटती. पानी टायमात सोडा. आन पोरगी एकटी हाय म्हनून कुनी वाकडं बोलायचं न्हाई.’ मालकीणबाई नुसती मान हलवत होत्या. सामान लागल्यावर काकी चहासुद्धा न घेता टेम्पोत चढल्या आणि समोर बघत म्हणाल्या, ‘चल रं.’

टेम्पो वळणापलीकडे गेला. मालकीणबाईंनी दबक्या आवाजात विचारलं, ‘तुमच्या सासूबाई का?’

‘व्हय,’ मी काकींच्याच सुरात ठोकून दिलं.